फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेसवर कशा घ्यायच्या: नंबरापासून पैसे जमा होईपर्यंत

दरवर्षी नवरात्र आलं की एकच प्रकार दिसतो. घरून फराळ करणाऱ्या ताई-काकू आधी मोबाइलवर रंगीत पोस्टर करून घेतात, ते सोसायटीच्या, शाळेच्या, माहेरच्या, भिशीच्या सगळ्या ग्रुपवर टाकतात, मग दोन दिवस 'रेट काय' 'रेट काय' असे मेसेज येतात, त्यातल्या निम्म्यांना उत्तर द्यायचं राहून जातं आणि शेवटी ऑर्डर येते ती ओळखीच्याच दहा घरांची. पदार्थ उत्तम असतो. चुकतो तो क्रम. जाहिरात सगळ्यात शेवटी करायची असते आणि आपण तिथूनच सुरुवात करतो.

खाली जो क्रम दिलाय तो फराळाचा आहे, पण मसाले, पापड, आंबे, पैठणीचे ब्लाउज, काहीही विकत असाल तरी हाच चालेल. एकेक टप्पा पूर्ण करा, मगच पुढच्यावर जा.

टप्पा १: फोन बाजूला ठेवा, वही घ्या

ॲप उघडण्याआधी हे कागदावर पाहिजे:

पदार्थ कोणते, प्रत्येकाचं पाकीट किती वजनाचं, भाव किती. दिवसाला तुमच्या हातून खरंच किती किलो होतं, दोन बायका मदतीला घेतल्या तर किती. डिलिव्हरी कुठपर्यंत, आणि त्याचे पैसे वेगळे की भावातच. ऑर्डर कधी बंद करणार.

या शेवटच्या तारखेवर सगळं अवलंबून असतं. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस मिळतात, त्यातले निम्मे ऑर्डर घेण्यातच गेले तर करायला वेळ कुठे राहिला? मला विचाराल तर यादी घटस्थापनेला उघडायची, कोजागिरीला बंद करायची आणि वसुबारसेच्या आत शेवटचा डबा घराबाहेर गेला पाहिजे. सगळ्या पदार्थांना एकच तारीख लावू नका. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग कुटून पीठ मुरवायचं, तिथे आदल्या दिवशीची ऑर्डर घेताच येत नाही, शंकरपाळी मात्र घेता येते. परदेशात मुलाकडे पाठवायचा फराळ असेल तर त्याची तारीख तर याच्या कितीतरी आधी, महिनाभर तरी हातात ठेवा.

आणि खाण्याचा पदार्थ विकताय म्हणजे एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी लागते, घरून करत असाल तरी. ती ऑनलाइन होते, १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. ऐन दिवाळीत करायचं काम नाही हे, गणपतीच्या आधी अर्ज टाका.

टप्पा २: धंद्याचा नंबर वेगळा घ्या

घरच्या नंबरवर धंदा लावला की मुलाच्या शाळेचा ग्रुप, सासरचा ग्रुप आणि गिऱ्हाईक सगळं एकात एक मिसळतं, आणि ऑर्डर हरवतात त्या इथेच. बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात, दुसरं सिम घ्या. एकाच फोनवर साधं व्हॉट्सॲप घरच्या नंबरने आणि व्हॉट्सॲप बिझनेस (धंद्यासाठीचं वेगळं ॲप) धंद्याच्या नंबरने, दोन्ही नीट चालतात. एकच नंबर दोन्ही ॲपवर मात्र चालत नाही. घरी लँडलाइन असेल तर तोही चालतो, नंबर पडताळायचा कोड एसएमएसऐवजी कॉलवर घ्यायचा.

सिम स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कागदपत्रांवर घ्या. दुकानदाराने 'असंच घेऊन जा' म्हणून दिलेलं, भाच्याच्या नावावरचं, असलं नको. उद्या फोन हरवला तर नवं सिम त्यालाच मिळणार ज्याच्या नावावर ते आहे.

सावधान: दिवाळी झाली की हा नंबर रिचार्जशिवाय पडून राहतो. बरेच दिवस बंद राहिला तर कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊ शकते, आणि व्हॉट्सॲपचं खातंही १२० दिवस वापरलं नाही तर काढून टाकलं जातं. म्हणजे पुढच्या वर्षी जुनं गिऱ्हाईक मेसेज करणार आणि तो भलत्याच माणसाला जाणार. वर्षभर छोटा रिचार्ज चालू ठेवा.

टप्पा ३: ॲप आणि प्रोफाइल

प्ले स्टोअरवरून व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. कुणी लिंक पाठवून 'हे जास्त फीचरवालं आहे' म्हणालं तर घेऊ नका. जीबी व्हॉट्सॲपसारखी बाहेरची ॲप वापरली की खातं बंद होऊ शकतं, आणि धंद्याचा नंबर हंगामात बंद पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आधीपासूनच साध्या व्हॉट्सॲपवर धंदा चालू असेल आणि तोच नंबर इकडे आणायचा असेल तर आधी जुन्या ॲपमध्ये बॅकअप घ्या, तो पूर्ण झाल्याची तारीख-वेळ डोळ्यांनी बघा, मग नवीन ॲपमध्ये नंबर टाका. ही उडी घाईत मारू नका.

प्रोफाइलमध्ये काय भरायचं: धंद्याचं नाव (पाकिटावर जे आहे तेच, अक्षर न अक्षर), पत्ता किंवा नुसता भाग, वेळ, आणि दोन ओळी की काय मिळतं आणि कुठे पोचवता. फोटो म्हणून लक्ष्मीचं किंवा नातवाचं चित्र लावतात, त्याऐवजी तुमच्या फराळाचं ताट लावा. चॅटच्या लांब यादीत गिऱ्हाईक नावाआधी चित्र बघतं.

लगेच, आत्ताच करायचं: सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठेवा, ईमेलही जोडा, आणि पिन टप्पा १ च्या त्याच वहीत लिहा. 'नंतर करू' म्हणून राहतं ते हेच, आणि खाती चोरीला जातात तीही याच्याचमुळे.

तपासा: घरातल्या दुसऱ्या फोनवरून या नंबरला मेसेज करा, प्रोफाइल उघडा. नाव, वेळ, भाग बरोबर दिसतोय का?

टप्पा ४: कॅटलॉग, आणि भाव लिहायचाच

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी सगळं उरकलं तरी चालेल, हे नाही.

कॅटलॉग म्हणजे तुमच्या नंबरवरचं छोटं दुकान. गिऱ्हाईक पदार्थ बघतं, कार्टमध्ये टाकतं आणि यादी मेसेज म्हणून तुमच्याकडे येते. 'चकली अर्धा, नाही एक किलो, नाही थांबा सासूबाईंना विचारते' हे सगळं वाचतं.

फोटो: सकाळी खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद. स्टीलच्या ताटात उजेड चमकतो आणि पदार्थ काळा येतो, त्यापेक्षा केळीचं पान, लाकडी पाट नाहीतर साधी पांढरी प्लेट घ्या. प्रत्येक पदार्थाचे दोन फोटो तरी हवेत, एक जवळून (चकलीचे काटे दिसले पाहिजेत) आणि एक बंद पाकिटाचा, म्हणजे अर्धा किलो म्हणजे केवढं ते कळतं. एका पदार्थाला दहापर्यंत फोटो टाकता येतात पण दोन-तीन पुरे. इंटरनेटवरचे फोटो उचलून टाकू नका. गिऱ्हाईकाने फोटोत केशर-पिस्त्याची करंजी बघितली आणि डब्यात साधी निघाली तर ते पुढच्या वर्षी येत नाही, आणि तुम्हाला का ते सांगतही नाही.

भाव: 'रेटसाठी मेसेज करा' हे लिहिणं बंद करा. पुष्कळ माणसं भाव विचारायला संकोचतात, विचारला आणि परवडला नाही तर नाही कसं म्हणायचं असं वाटतं, मग विचारतच नाहीत. भाव लिहिला की जो मेसेज येतो तो ऑर्डरीचाच येतो. शेजारणीला आपला भाव कळेल या भीतीने लपवणारेही आहेत, पण शेजारणीला तो तसाही कळतो.

वर्णनात काय लिहायचं याचा नमुना:

'भाजणीची चकली, ५०० ग्रॅम. घरी भाजलेली भाजणी, शेंगदाणा तेल. हवाबंद डब्यात १५ दिवस छान राहते. ऑर्डर कोजागिरीपर्यंत.'

तेल कोणतं, तूप साजूक की वनस्पती, साखर की गूळ, खोबरं सुकं की ओलं हे लिहा, कारण लोक तेच विचारतात. ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नाहीत, त्या किती दिवसांत संपवायच्या ते स्पष्ट लिहा. किती दिवस टिकतं हा आकडा मात्र माझा उतरवू नका, तुमच्या पदार्थाचा तुम्हाला माहीत असलेलाच टाका.

सावधान: टाकलेला पदार्थ लगेच दिसत नाही, व्हॉट्सॲप आधी तपासतं. औषधं, दारू, तंबाखू कॅटलॉगमध्ये चालत नाही. म्हणून लाडवाच्या वर्णनात 'सांधेदुखी बरी होते', 'शुगर कमी होते' असलं काही लिहू नका. डिंकाचा लाडू आहे ना, मग तेवढंच लिहा.

एखादा पदार्थ संपला तर खोडू नका, हाइड करा. पुढच्या वर्षी परत दाखवता येतो, फोटो-वर्णन पुन्हा भरावं लागत नाही.

टप्पा ५: ठरलेली उत्तरं आधीच लिहून ठेवा

ॲपच्या बिझनेस टूल्समध्ये तीन गोष्टी आहेत.

ग्रीटिंग मेसेज. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला, किंवा १४ दिवस काही बोलणं नसेल तर त्याला, आपोआप जातो. नमुना: 'नमस्कार! वर दुकानाचं चिन्ह दाबलंत की सगळे पदार्थ भावासकट दिसतील. ऑर्डरीत पदार्थ, वजन, तारीख आणि पत्ता एकदमच लिहा. सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्ये उत्तर देते.'

अवे मेसेज. तुम्ही कढईसमोर असता तेव्हा हा बोलतो. पण फोनचं इंटरनेट चालू असेल तरच जातो, रात्री डेटा बंद करून झोपलात तर काही जाणार नाही.

क्विक रिप्लाय. पुन्हा पुन्हा टाइप करायचे मेसेज साठवून ठेवायचे, तिरपी रेघ टाइप केली की यादी समोर येते. पत्ता विचारणारा, पैसे कसे द्यायचे ते सांगणारा, ऑर्डर पक्की झाल्याचा, आणि 'ऑर्डर बंद झाल्या' असं नम्रपणे सांगणारा, एवढे चार तरी करा. शेवटचा विसरू नका, थकलेल्या हाताने टाइप केलेला नकार उगाच रागाचा वाटतो.

टप्पा ६: गिऱ्हाईकाने तुमचा नंबर सेव्ह केला पाहिजे

बहुतेकांची गाडी इथेच अडते, आणि ती अडलीय हे कळतही नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम, पण प्रत्येकाला वेगळा पाठवायची यादी. तिचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. तुम्ही त्यांचा केलाय याने भागत नाही. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचा नंबर असेल तरच ते दिसतं. म्हणजे तुम्ही २०० जणांची यादी करून हौसेने मेसेज पाठवता आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तो गेलेलाच नसतो, आणि तुम्हाला वाटतं लोकांना आपला फराळ नकोय.

मग करायचं काय, तर मागायचं. ऑर्डर पक्की झाली की त्याच मेसेजमध्ये: 'हा नंबर फराळ या नावाने सेव्ह कराल का, म्हणजे डिलिव्हरीचा आणि पुढच्या यादीचा मेसेज मिळेल.' पाकिटावरच्या लेबलवर तीच ओळ छापा. प्रदर्शनात, बचत गटाच्या स्टॉलवर चव बघायला थांबलेल्या बाईंना तिथल्या तिथे सेव्ह करायला सांगा, घरी गेल्यावर कुणी करत नाही.

बिझनेस टूल्समध्ये तुमच्या नंबराची शॉर्ट लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो, तो लेबलवर लावा. स्कॅन केल्यावर चॅट उघडते, पण नंबर सेव्ह होत नाही, म्हणून ती ओळ सोबत हवीच.

तपासा: पाठवलेला ब्रॉडकास्ट मेसेज दाबून धरा, इन्फो उघडा. कुणाकुणाला पोचला ती नावं दिसतात. जे दोन दिवसांनीही त्यात नाहीत, त्यांनी बहुतेक सेव्ह केलेलं नाही. त्यांना वैयक्तिक दोन ओळी लिहा.

टप्पा ७: आता सांगा लोकांना

ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण. याद्या भागाप्रमाणे करा, कोथरूडवाल्यांना हडपसरच्या डिलिव्हरीचा मेसेज कशाला.

ग्रुप काढून सगळ्या गिऱ्हाइकांना त्यात भरू नका. न विचारता भरलं तर लोक चिडतात, शिवाय प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, बायकांचे नंबर असे उघड्यावर टाकणं बरोबर नाही. नंबर लपलेले राहावेत असं वाटत असेल तर चॅनल आहे, भारतात २०२३ पासून मिळतं. पण त्यावर लोक फक्त वाचतात, ऑर्डर तिथे देता येत नाही. पन्नास-शंभर गिऱ्हाइकांच्या धंद्याला ब्रॉडकास्ट आणि स्टेटस एवढंच पुरतं असं माझं मत आहे.

मेसेज किती? घटस्थापनेला यादी उघडल्याचा, दसऱ्याला शुभेच्छा आणि काय काय शिल्लक आहे त्याचा, कोजागिरीच्या आदल्या दिवशी शेवटची आठवण. तीन. रोज 'शुभ सकाळ' पाठवलं की लोक ब्लॉक करतात, आणि बऱ्याच लोकांनी ब्लॉक-रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होतो. स्टेटस मात्र रोज टाका, कारण ते ज्याला बघायचंय तोच बघतो: भाजणी भाजताना, चकल्या पाडताना, डबे भरताना. २४ तासांत निघून जातं, म्हणून सकाळी टाका.

इन्स्टाग्रामवर जायचं असेल तर प्रोफेशनल खातं करून त्यावर व्हॉट्सॲपचं बटण लावा. बिझनेस खात्याला सगळी गाणी मिळत नाहीत, जबरदस्तीने सिनेमाचं गाणं टाकलं तर आवाज काढला जाऊ शकतो. गाण्याची गरजही नाही, तेलात चकली पडतानाचा आवाज ठेवा. गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल वर्षभर विकणाऱ्यांनी जरूर करावं. घरचा पत्ता लपवून नुसता भाग दाखवता येतो, आणि तो लपवाच.

टप्पा ८: ऑर्डर आणि पैसे

प्रत्येक ऑर्डरीला लेबल लावा. ॲपमध्ये नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशी लेबलं तयारच असतात. पैसे आले की लेबल बदला, डबा गेला की परत बदला. रोज रात्री 'पैसे बाकी' उघडून बघायचं, तेवढी एक सवय लावा.

ऑर्डर पक्की करताना पूर्ण यादी, एकूण रक्कम आणि तारीख परत लिहून पाठवा आणि 'बरोबर' असं उत्तर घ्या. फोनवर सांगितलेली ऑर्डरही मेसेजमध्ये आणा.

निम्मे पैसे आधी घ्या, ओळखीच्यांकडूनही. तूप-बेसन उधारीवर मिळत नाही. पैसे पाठवताना समोरच्याला बँकेतलं नाव दिसतं, धंद्याचं नाही, त्यामुळे 'खातं या नावाने दिसेल' असं आधीच कळवा, नाहीतर लोक घाबरून थांबतात.

सावधान, हे नीट वाचा:

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटे स्क्रीनशॉट सहज बनतात. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच डबा द्या.

पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. मोठी ऑर्डर देऊन, बऱ्याचदा सैन्यात आहे असं सांगून, 'हा कोड स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स जमा होईल' म्हणणारे फोन येतात. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा.

ऑर्डरीची यादी किंवा लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर उघडू नका. यादी फोटो किंवा मजकूर म्हणूनच मागा.

व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही, भावाच्या नंबरवरून मागितला तरी. त्याचं खातं आधीच गेलेलं असू शकतं.

अडकलात तर

पैसे गेले: लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, नंतर बँकेला. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे लाज वाटून रात्रभर थांबू नका. फोन लागत नसेल तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

फोन हरवला: कंपनीला सांगून सिम बंद करा, त्याच नंबरचं नवं सिम घ्या, दुसऱ्या फोनवर ॲप टाकून नंबर भरा. वहीतला पिन लागेल. बॅकअप चालू असेल तर चॅट परत येतात, म्हणून हंगामात बॅकअप रोजचा ठेवा. गुगलच्या १५ जीबीत जागा आहे ना ते आधी बघा, जुने व्हिडिओ भरले की बॅकअप गुपचूप थांबतो.

कुणीतरी तुमच्या नावाने मेसेज करतंय असं वाटलं: सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडा, ओळखीचं नसेल ते लॉग आउट करा.

नंबर बंद झाला: ॲप उघडल्यावर तिथेच रिव्ह्यूची विनंती करता येते, ती करा. 'पैसे द्या, चालू करून देतो' किंवा 'ब्लू टिक काढून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. उत्तर येईपर्यंत वहीतल्या ऑर्डरींना घरच्या नंबरवरून एकेक फोन करा, आणि म्हणूनच ऑर्डर ॲपमध्ये असली तरी रोज संध्याकाळी नाव, नंबर, पदार्थ, तारीख वहीतही उतरवून ठेवा.